'लाईव्ह करून देतो' म्हणजे नेमकं काय देतात? बेळगाव भागातल्या वेबकास्ट सेवेचं परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या फोटो-व्हिडिओवाल्यांच्या दरपत्रकावर अल्बम, ड्रोन आणि एलईडी वॉलच्या खाली आता तीन नव्या ओळी दिसतात: लाईव्ह, वेबकास्ट, पॉडकास्ट. कन्नडमध्येही छापलेलं असेल तर शेजारी 'नेर प्रसार'. गावच्या पारायण समितीला किंवा संमेलनाच्या कार्यवाहांना हे सगळं एकच वाटतं आणि जो आकडा कमी त्यावर बोट ठेवलं जातं. पण हे शब्द एका अर्थाचे नाहीत, त्यामागचं काम एक नाही आणि कार्यक्रम संपल्यावर हातात पडणारी वस्तूही एक नाही. शब्दाचा अर्थ कळला की कशाचे पैसे द्यायचे हे आपोआप कळतं, म्हणून सुरुवात शब्दापासून करावी लागते.

'ब्रॉडकास्ट' हा शब्द रेडिओच्या आधीचा आहे आणि तो शेतातून आला आहे. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे टाकणं. आपल्याकडे तरवा टाकताना बी मुठीत घेऊन हात अर्धगोल फिरवतात, मूठ सैल सुटते आणि दाणे पंख्यासारखे वाफ्यावर पसरतात. कुठला दाणा कुठं पडला याचा हिशोब फोकणाऱ्याकडे नसतो. इंग्रजीत अशा फोकण्यालाच अठराव्या शतकात ब्रॉडकास्ट म्हणत. कुरीनं ओळीत केलेली पेरणी त्याच्या उलट. १९२०च्या सुमारास रेडिओ आला. एका मनोऱ्यावरून सुटलेला आवाज कोण ऐकतंय हे न कळता चौफेर पसरतो, म्हणून पेरणीचा शब्द रेडिओला लागला. मराठीतल्या 'प्रक्षेपण' शब्दात फेकण्याचा 'क्षिप्' धातू आहे, तोच 'ध्वनिक्षेपक' शब्दातही आहे, आणि 'प्रसारण' म्हणजे पसरवणं. कल्पना तीच. 'आकाशवाणी'ची वाट मात्र वेगळी: म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली सुरू केलेल्या खाजगी केंद्राचं ते नाव होतं, पुढे सगळ्या देशाच्या रेडिओला तेच मिळालं. धारवाड आणि सांगली ही दोन्ही केंद्रं ऐकत वाढलेल्या सीमाभागाला हा शब्द दोन्ही भाषांत घरचाच.

वेब म्हणजे जाळं. 'वर्ल्ड वाईड वेब'मधला वेब आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट जोडून १९९०च्या दशकाच्या मध्यावर 'वेबकास्ट' रूढ झाला. १९९५ साली रिअलऑडिओ आलं आणि साध्या टेलिफोन लाईनवरून, पूर्ण फाईल उतरवून न घेता आवाज ऐकता येऊ लागला, त्याच सुमारास ही सेवा म्हणून विकली जाऊ लागली. एकाकडून अनेकांकडे, एकाच वेळी, इंटरनेटवरून: वेबकास्टचा अर्थ एवढाच. प्रेक्षक उलट बोलू लागला की ते वेबिनार किंवा मीटिंग, त्याची रचना वेगळी. गावोगाव हा शब्द पोहोचला तो निवडणुकीत, मतदान केंद्रांवरच्या वेबकास्टिंगमुळे. तिथलं चित्र फक्त नियंत्रण कक्षातले अधिकारी बघतात, म्हणजे काटेकोर अर्थानं त्यात 'ब्रॉड' काहीच नाही. पण शब्द असेच सरकत जातात.

एक फरक मात्र सेवा घेणाऱ्यानं समजून घ्यायलाच हवा. रेडिओच्या मनोऱ्याला दहा श्रोते काय आणि दहा हजार काय, वीज तेवढीच लागते. इंटरनेटवर तसं नाही. तिथे प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रत जाते, रोपागणिक तांब्यानं पाणी घालावं तशी. चित्र ४ एमबीपीएसचं (दर सेकंदाला किती डेटा जातो त्याचं हे माप) असेल आणि ५०० जण बघत असतील, तर एकूण २,००० एमबीपीएस बाहेर पडावे लागतात. मंडपातल्या कुठल्याही जोडणीला हे झेपणार नाही. म्हणून मंडपातून एकच प्रत यूट्यूब किंवा फेसबुककडे जाते आणि पुढचं वाटप त्यांचे सर्व्हर करतात. 'आमच्या स्वतःच्या वेबसाईटवर लाईव्ह देतो' असं कुणी सांगितलं, तर सर्व्हर कुणाचा आणि एका वेळी किती प्रेक्षक पेलतो, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल आलं तर यूट्यूबच बरं.

आता सेवेकडे. या भागात मोबाईल स्टँडवर लावून एका कोनातून दाखवणारं पॅकेज मिळतं आणि दोन-तीन कॅमेरे व स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर चित्र बदलणारा डबा) घेऊन येणारंही मिळतं. चित्राच्या बाबतीत दोन्हीकडची मुलं हुशार आहेत. शिवजयंतीच्या चित्ररथांची गर्दी आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतला उजेड-अंधार टिपून हात बसलेले आहेत. फोकस, कोन, नेमक्या वेळी जवळचं दृश्य, यात नाव ठेवायला जागा नाही. रडतो तो आवाज. कीर्तन, कविसंमेलन, परिसंवाद, सगळं ऐकण्याचं काम, आणि दरपत्रकावर आवाजासाठी बहुधा एक शब्दही नसतो.

बिघडतं ते असं. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या माईकला मंडपातल्या स्पीकरचा आवाज हवेतून येतो आणि पत्र्याचा घुमारा, पंखे, जनरेटर, मागच्या पोरांचा गलका, सगळं सोबत घेऊन येतो. समोर बसलेल्याचे कान त्यातून वक्ता वेगळा काढतात, फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला ते जमत नाही. उपाय एकच: साउंडवाल्याच्या मिक्सरमधून तारेनं थेट आवाज घ्यायचा. पण ती तार जोडण्यातही तीन ठिकाणी चुकतं.

पहिली चूक पातळीची. माईकमधून येणारा विद्युतदाब काही मिलीव्होल्टचा असतो. मिक्सरच्या रेकॉर्डिंग सॉकेटमधून साधारण ०.३ व्होल्ट येतो, मोठ्या मिक्सरच्या मुख्य आउटमधून १.२ व्होल्टच्या आसपास. ही तार कॅमेऱ्याच्या किंवा मोबाईलच्या माईकच्या भोकात तशीच खुपसली की आवाज फाटतो, आणि कॅमेऱ्यावर व्हॉल्यूम कमी करून तो सुधारत नाही, कारण तो आत शिरतानाच फाटलेला असतो. कॅमेऱ्यात 'लाईन' असा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर मध्ये पातळी खाली आणणारी अ‍ॅटेन्युएटरची तार किंवा छोटा ऑडिओ इंटरफेस लागतो. एटीईएम मिनी हा स्विचर आपल्याकडे पुष्कळ जणांकडे आहे. त्याच्या मागच्या दोन्ही ऑडिओ सॉकेटसाठी माईक की लाईन हे लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवावं लागतं, डब्यावर बघून ते कळत नाही.

दुसरी चूक तार कुठून घेतली याची. मुख्य आउटमधून घेतली, तर माईक शिट्टी मारायला लागला की साउंडवाला हॉलचा आवाज खाली ओढतो आणि लाईव्हवरचा आवाजही बुडतो. तार 'ऑक्स'मधून (मिक्सरची मुख्य आउटपेक्षा वेगळी जादा वाट) आणि तीही प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाच्या) आधीची घ्यायला सांगा. मग हॉलचा फेडर वर-खाली झाला तरी लाईव्ह स्थिर राहतं. याचा एक उपयोग सहसा लक्षात येत नाही. रात्री १० नंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. समोरच्या शंभर माणसांसाठी कविसंमेलन बिनकर्ण्याचं चालू राहू शकतं, आणि प्री-फेडर तारेवर बाहेरगावच्या श्रोत्यांना ते जसंच्या तसं ऐकू जातं.

तिसरी चूक सगळ्यात जास्त वेळा होते. हार्मोनियम आणि टाळ मंडपात इतके खणखणीत वाजतात, की साउंडवाला त्यांना माईकच देत नाही. मिक्सरमध्ये ते नाहीत, म्हणजे लाईव्हवरही नाहीत. घरी बसलेल्यांना बुवांचा गळा तेवढा ऐकू येतो आणि अभंग उघडाबोडका वाटतो. यासाठी व्यासपीठापासून दोन-तीन मीटरवर एक वेगळा माईक लावून तो फक्त लाईव्हच्या तारेत, हलकासा मिसळायचा. टाळांचा ठोका क्षणात वर उसळतो, म्हणून मीटरवर सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. साध्या बोलण्यासाठी काटा उणे १८ ते उणे १२ च्या दरम्यान खेळता ठेवला की पुरतं.

तार जोडल्यावर 'घूंऽऽ' असा सलग आवाज आला तर तो बहुतेक वेळा ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. मिक्सर एका बोर्डवर आणि लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या बोर्डवर असला की दोन अर्थिंगमधल्या फरकाचा प्रवाह ऑडिओच्या तारेतून फिरतो. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबलं तर कारण सापडलं. मग दोन्ही उपकरणं एकाच बोर्डवर घ्या किंवा ऑडिओच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन उपकरणांमधली विजेची थेट जोडणी तोडणारा) घाला. चार्जरची अर्थची पिन तोडून टाकायची सवय काही ठिकाणी आहे. ओल्या मंडपात ते जिवावर बेतणारं काम आहे, ते कुणाला करू देऊ नका.

पावसाळ्यात नेट चालत नाही ही तक्रार खानापूरकडे कायम असते, पण प्रश्न निव्वळ पावसाचा नाही. सेवावाला स्पीड टेस्ट दाखवतो ती डाउनलोडची. लाईव्हला लागतो अपलोड. यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे ७२० पी (७२० आडव्या रेषांच्या), सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्राला साधारण ४ एमबीपीएस आणि १०८० पीला १० एमबीपीएस लागतात. टेस्टमध्ये अपलोड याच्या दुप्पट दिसला पाहिजे, कारण तो एकसारखा राहत नाही. शिवाय टेस्ट मोकळ्या मैदानात आदल्या दिवशी सकाळी घेऊन भागत नाही. यात्रेच्या संध्याकाळी त्याच टॉवरवर हजारभर फोन असतात आणि ८ चा आकडा १ वर येतो. शक्य असेल तिथे जवळच्या घरातून किंवा शाळेतून फायबरची जोडणी तारेनं मंडपात आणावी, मोबाईल नेट राखीव ठेवावं. ही जोडणी असेल तरच १०८० पी मागा. खेड्यातल्या बहुतेक कार्यक्रमांना ७२० पी पुरेसं आहे, आणि अडखळणाऱ्या १०८० पेक्षा सलग ७२० कधीही चांगलं.

४ एमबीपीएसनं तासाला १.८ जीबी डेटा जातो. रोजच्या १.५ जीबी पॅकवर ५० मिनिटं, २ जीबीवर साधारण ६६. मग वेग एवढा खाली येतो की चित्र गोठतं, आणि सगळे टॉवरला दोष देतात. तीन तासांच्या कीर्तनाला ५.४ जीबी लागतात, हा हिशोब आधी मांडावा. सीमेवरच्या गावांत आणखी एक गोष्ट नडते. निपाणी, उचगाव या पट्ट्यात फोन मध्येच महाराष्ट्राच्या टॉवरला चिकटतो, चंदगडच्या बाजूला कर्नाटकच्या. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर त्या क्षणी नेट थांबू शकतं आणि टॉवरच्या काड्या मात्र पूर्ण दिसत राहतात. रोमिंगला वेगळा आकार पडत नसला तरी हे बटण आपणच चालू करून ठेवायचं असतं.

वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत राउटर बंद पडतो आणि परत उभा राहायला एक-दोन मिनिटं घेतो. राउटरसाठीचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस खिशाला जड नाही. सेवावाल्याकडे तो असतो का हे विचाराच. एवढ्या एका प्रश्नावरून माणसाचा अनुभव कळतो.

मोबाईलवरून लाईव्ह करणाऱ्यांनी तो फोन विमान मोडवर टाकून वाय-फायवर चालवावा, नाहीतर ऐन काल्याच्या कीर्तनात मामाचा फोन येतो आणि प्रसारण तुटतं. उन्हात फोन तापून स्वतःच मंदावतो, त्याला सावली हवी. आणि मंडपात कुणीही तेच लाईव्ह फोनवर मोठ्यानं लावू नये. ते अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असतं, माईकनं ते पकडलं की वक्त्याचं बोलणं दोनदा ऐकू येतं.

यूट्यूबकडून ऐनवेळी अडचण येते ती बहुतेक तयारीअभावी. चॅनेलला फोन नंबरनं पडताळणी लागते आणि पहिल्यांदा लाईव्ह सुरू करायची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. मोबाईलमधून थेट लाईव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर हवेत. लॅपटॉपवर ओबीएस हे प्रसारणाचं सॉफ्टवेअर वापरलं तर ती अट नाही. ओबीएस फुकट आहे. त्यात कीफ्रेमचं (पूर्ण चित्र पाठवणाऱ्या फ्रेमचं) अंतर २ सेकंद, आवाज १२८ केबीपीएस ठेवावा. मध्यंतरात साउंडवाला सिनेमाची गाणी लावतो. हक्क असलेलं संगीत यूट्यूबचं यंत्र ओळखतं आणि प्रसारण अडवू शकतं, तेव्हा त्या वेळात लाईव्हचा आवाज बंद करून मंडळाचं नाव लिहिलेली पाटी दाखवावी. १२ तासांपेक्षा लांबलेल्या प्रसारणाची प्रत यूट्यूबवर राहत नाही. कडोली, येळ्ळूरसारख्या ठिकाणची संमेलनं सकाळच्या ग्रंथदिंडीपासून रात्रीच्या कविसंमेलनापर्यंत चालतात, म्हणून सत्रागणिक वेगळी लिंक करणं शहाणपणाचं. पुढे शोधणाऱ्यालाही परिसंवाद कुठला आणि कथाकथन कुठलं हे नावावरून सापडतं.

चॅनेल कुणाचं, हा प्रश्न आगाऊ रक्कम देण्याआधीचा आहे. बहुतेक सेवावाले स्वतःच्या चॅनेलवरून दाखवतात. त्यात त्यांची जाहिरात होते, त्याला हरकत नाही. पण उद्या त्यांनी चॅनेल बंद केलं तर गावच्या सप्ताहाची दहा वर्षांची कीर्तनं त्याबरोबर जातात. मंडळाचं चॅनेल मंडळाच्या नावानं उघडा आणि सेवावाल्याला फक्त त्या कार्यक्रमाची स्ट्रीम की (चॅनेलवर प्रसारण पाठवायचा सांकेतिक शब्द) द्या. ती की म्हणजे घराची किल्ली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही आणि काम झाल्यावर बदलायची. लग्नासाठी 'अनलिस्टेड' पर्याय निवडावा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसतं.

पॉडकास्टची ओळ हा वेगळा मामला. हा शब्द बेन हॅमर्स्ली या पत्रकारानं फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन'मधल्या लेखात, या नव्या प्रकाराला काय म्हणावं असं विचारत सुचवलेल्या नावांपैकी एक होता. अ‍ॅपलच्या आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट. पॉडचा इंग्रजीतला जुना अर्थ शेंग, म्हणजे शेत इथंही सुटलेलं नाही. २००५ साली न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीनं त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. आयपॉडचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, शब्द मात्र राहिला.

पण त्याचा मूळ अर्थ मुलाखतीचा सेट असा नव्हता. आरएसएस फीड नावाची एक छोटी मजकुराची फाईल असते, तिच्यात प्रत्येक भागाच्या आवाजाच्या फाईलचा पत्ता लिहिलेला असतो. श्रोता एकदा वर्गणीदार झाला की नवा भाग त्याच्या फोनवर आपसूक पोहोचतो, घरी येणाऱ्या मासिकासारखा. त्याला वेळेचं बंधन नाही, फाईल उतरवून घेतली की नेटचंही नाही. आपल्याकडे 'पॉडकास्ट पॅकेज' म्हणून मिळतात त्या दोन खुर्च्या, टेबलावर दोन मोठे माईक, मागे निऑनची पाटी आणि शेवटी यूट्यूबची एक लिंक. यूट्यूब स्वतःच आता प्लेलिस्टला पॉडकास्ट म्हणतं, त्यामुळे याला फसवणूक म्हणता येत नाही. तरीही फीड आणि एमपीथ्री फाईल मिळणार नसेल तर ती व्हिडिओ मुलाखत आहे आणि तिला त्याच दरानं मोजावं.

खरा पॉडकास्ट या भागाला फार उपयोगी आहे, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. बेळगावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, आजूबाजूच्या गावांतली पोरं दूरच्या ठाण्यांवर असतात. तिथे तासाचा १.८ जीबी व्हिडिओ उतरणार नाही. तेच कीर्तन मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा न ठेवलेला आवाज म्हणून ६४ केबीपीएसवर दिलं, तर तासाला २८.८ एमबी होतं आणि बोललेला प्रत्येक शब्द स्वच्छ कळतो. गाणं-भजन असेल तर ९६ वर न्यावं, ४३.२ एमबी. लाईव्हसाठी मिक्सरमधून घेतलेला आवाज हाताशी असतोच, तो वेगळा जतन करून द्यायला सेवावाल्याला अर्ध्या तासापलीकडे काम नाही. ही फाईल बोलणी करतानाच मागून घ्यावी.

निवड करायची झाली तर कीर्तन-प्रवचनाला एक कॅमेरा आणि नीट घेतलेली आवाजाची तार पुरे. वाचलेले पैसे यूपीएसवर आणि जादा माईकवर घाला. संमेलनाला किंवा कुस्तीच्या मैदानाला दोन कॅमेरे आणि स्विचर हवाच. कुस्तीत पंचांची शिट्टी आणि समालोचन हे दोन आवाज वेगळे धरावे लागतात. लांबच्या कॅमेऱ्याला एचडीएमआयची साधी तार १०-१५ मीटरपलीकडे दगा देते, तिथे एसडीआयची तार लागते आणि ती १०० मीटरच्या जवळपास आरामात जाते. मैदान मोठं असेल तर हे बोलणी करतानाच सांगा. ऐनवेळी आणलेले जोड-तुकडे चित्र लुकलुकवतात.

कार्यक्रमानंतर मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मागून घ्या, यूट्यूबवरून उतरवलेली प्रत नको, ती दुसऱ्यांदा दाबलेली असते. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यावर जातच नाही. तीन तासांचं कीर्तन ५.४ जीबीचं, म्हणून 'जागा असूनही कॉपी होत नाही' असा फोन येतो. एक्सफॅट करून घेतला की अडत नाही. मात्र घरातला जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल, तर दीड-दीड तासाचे दोन भाग करून द्यायला सांगा.